भावाच्या कर्जाला तुमचं घर तारण?

ताई, भावाला धंद्यासाठी कर्ज हवंय, त्याच्या नावावर मालमत्ता नाही, म्हणून तुमचं राहतं घर तारण द्यायचं का, असं तुम्ही विचारलंय. हप्ते तोच भरणार म्हणतो. त्याची नियत चांगली असेलच. पण हप्ते थकले की बँक गहाणखत बघते.

कर्ज त्याचं, बोजा मात्र तुमच्या घरावर. नोटिशीची मुदत संपली की बँक ताबा आणि विक्रीकडे वळते, कुठे कोर्टातून तर कुठे कोर्टाबाहेरच. ‘आधी भावाकडून वसूल करा’ असं सहसा म्हणता येत नाही. पूर्ण थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क असतो, तोही ठरावीक टप्प्यापर्यंतच.

घराची किंमत १०० आणि कर्ज ६० असेल, तर ४० सुरक्षित वाटतात. पण हप्ते थकून लिलाव होईपर्यंत व्याज आणि वसुलीखर्च धरून देणं समजा ७५ झालं. लिलावात ८० आले, तर तुमच्या हाती ५. आणि ६५ च आले तर? नुसतं घर गहाण असेल तर तुमची जबाबदारी घरापुरती संपते. जामीनदार म्हणूनही सही केली असेल, तर उरलेले १० तुमच्या पगारातून, बचतीतून मागितले जातील. ही दुसरी सही कागदांच्या गठ्ठ्यात बहुतेकदा असते. ती करू नका.

‘आजची आणि यापुढे होणारी सर्व देणी’ असे शब्दही शोधा. ते असतील तर भावाचं उद्याचं कर्जही याच घरावर चढेल. तारणाची कमाल रक्कम आकड्यात लिहून घ्या.

नवऱ्याच्या धंद्यासाठी घर गहाण ठेवलेल्या बायकांच्या खटल्यांत इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) २००१ मध्ये बँकांना बजावलं होतं, की अशा व्यक्तीला धोका समजावून देणारा वकील मिळाल्याची खात्री करून घ्या. तुमचाही वकील वेगळा हवा, भावाचा किंवा बँकेचा नको.

घर गेलंच तर कायद्यानं भावाकडून भरपाई मागता येते, पण तोवर धंदा बुडालेला असेल, मग तो देणार कुठून?

माझं मत नकाराचं आहे. रकमेची मर्यादा लेखी मिळाली, जामिनाची सही टळली आणि वेळ आल्यास वर्षभराचे हप्ते तुम्हाला भरता येणार असतील, तरच पुन्हा विचार करा. नाहीतर बुडाले तरी चालतील एवढेच पैसे बचतीतून द्या आणि घर यातून वेगळं ठेवा. भावाला हे आजच सांगा, म्हणजे त्याला दुसरी सोय बघायला वेळ मिळेल.