मसाला मागवलाय, पण बंदरात अडकला तर?

प्रश्न: मी पहिल्यांदाच परदेशातून मिरी आणि हळद पावडर मागवतेय. सप्लायर म्हणतो लॅब रिपोर्ट आहे, काळजी नको. तेवढं पुरेल का?

उत्तर: नाही पुरणार ताई. आधी तो रिपोर्ट नीट बघा, त्यावरचा बॅच नंबर आणि तुमच्या पोत्यांवरचा नंबर एकच आहे का, कारण बरेचदा जुन्याच बॅचचा रिपोर्ट पुढे सरकवतात आणि मग कस्टमवाल्यांनी सॅम्पल काढलं की सगळं उघडं पडतं. मिरीत साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) तपासतात, हळदीत शिसं, कारण पिवळा रंग खुलावा म्हणून काही जण लेड क्रोमेट (शिशाचा पिवळा रंग) मिसळतात, आणि ते पोटात जाणं म्हणजे लहान मुलांच्या मेंदूशी खेळ, इथे अजिबात तडजोड करू नका. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीपासून तयार होणारं विष, तेही बघतात, युरोपात मिरी-हळदीला एकूण मर्यादा किलोला 10 मायक्रोग्रॅम. जंतू मारायला इथिलीन ऑक्साइड वापरलंय का तेही लेखी विचारा, युरोपात ते चालत नाही, अमेरिकेत ठरावीक मर्यादेत चालतं, म्हणजे नियम माल उतरतो त्या देशाचा.

एचएस कोड, म्हणजे ड्युटी ठरवायला कस्टम वापरतं तो मालाचा नंबर, तोही नीट टाका: अख्खी मिरी 0904.11, दळलेली 0904.12, मिक्स मसाला बहुतेकदा 0910.91. कोड चुकला की ड्युटी चुकते, वर दंड. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालात कीड-रोग नाही असा सरकारी दाखला) लागतं का ते माल निघायच्या आधीच विचारून घ्या, नंतर ते मिळवताना फार धावपळ होते.