टॉल्कीनलाही आवडलं नव्हतं

‘मावशी, माझ्या जिवलग मैत्रिणीने वाढदिवसाला मला एक जाडजूड फॅन्टसी कादंबरी दिली. सात जादुई जगं, त्यांना जोडणारे आरसे आणि सोळा वर्षांची नायिका. पहिल्या पानावर तिने लिहिलंय, “हे वाचलंस की तुला मी कळेन.” मला पुस्तक अजिबात आवडलं नाही. 212व्या पानावर अडकलेय. तिला मात्र “भारी आहे” असं सांगून बसलेय. आता ती म्हणते, दोघी पैसे काढू आणि दुसरा भाग मागवू. खरं सांगितलं तर ती दुखावेल. काय करू? – दहावीतली एक, सांगली’

अगं पोरी,

तुझं पत्र चार पानांचं. वर त्यातला गाभाच दिलाय, कारण उरलेली साडेतीन पानं तू त्या पुस्तकाची सालं काढण्यात घालवली आहेस. मी ती दोनदा वाचली. ‘प्रत्येक जगात आकाशाचा रंग बदलतो, पण बाजारात सुटे पैसे कुणीच मागत नाही’ हे वाक्य तर मी घरात सगळ्यांना ऐकवलं. आणि ‘लेखिका अडली की जादू धावून येते’ हेही खरं दुखणं आहे. आपल्या आज्या सांगायच्या त्या गोष्टीतल्या राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडे पिंजऱ्यातल्या पोपटात असायचा. पोपटाचा पाय मोडला की राक्षसाचा पाय मोडणार, मान पिरगळली की राक्षस संपला. आजीला आयत्या वेळी दुसरा पोपट आणायची मुभा नव्हती. आणलाच असता तर आपणच ओरडलो असतो. तुझ्या कादंबरीत दर पन्नास पानांनी नवा पोपट येतो, म्हणून तुला जांभया येतात. यात तुझं काही चुकत नाही.

चुकलंय ते ‘भारी आहे’ म्हणालीस तिथे. पण त्याआधी एक खरी गोष्ट सांगते.

ऑक्सफर्डमध्ये दोन प्राध्यापक होते, टॉल्कीन आणि लुईस. घट्ट मित्र. लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवायचे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना टॉल्कीन वर्षानुवर्षं रखडला, तेव्हा पुढे लिही म्हणून मागे लागणारा लुईसच होता. मग लुईसने कपाटातून जादुई जगात जाणाऱ्या चार भावंडांची गोष्ट लिहिली. त्या जगाचं नाव नार्निया, आणि 1950 साली आलेलं ते त्या मालिकेतलं पहिलं पुस्तक. टॉल्कीनला ते मुळीच रुचलं नाही. शेळीच्या पायांचे रोमन दंतकथांतले फॉन, बोलणारे प्राणी आणि वर नाताळचा म्हातारा, ही सगळी खिचडी एकाच जगात कशी, असं त्याला वाटे. त्याचं हे मत शेवटपर्यंत बदललं नाही. मित्राचं पुस्तक आवडतंय असं सोंगही त्याने आणलं नाही.

म्हणून लुईसने डूख धरला का? 1954 साली टॉल्कीनच्या पुस्तकाचा पहिला भाग आला, तेव्हा त्याचं भरभरून कौतुक लुईसने छापून आणलं. 1961 साली नोबेलसाठी टॉल्कीनचं नाव त्यानेच सुचवलं. पुढे दोघांत अंतर पडलं, हेही सांगायला हवं, पण त्याला इतर बरीच कारणं होती. 1963 साली लुईस गेला, तेव्हा टॉल्कीनने मुलीला लिहिलं की मुळांवरच कुऱ्हाडीचा घाव बसल्यासारखं वाटतंय. तोवर नार्निया त्याच्या नावडतीतच होतं.

तर सांग तिला. पण ‘हे पुस्तक बंडल आहे’ इथून सुरुवात करू नकोस. तिने पहिल्या पानावर काय लिहिलंय, ते पुन्हा बघ. ‘हे वाचलंस की तुला मी कळेन.’ साडेतीन पानं टीका करताना तू या वाक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस. तिने तुझ्या हातात कादंबरीसोबत स्वतःचंही काहीतरी ठेवलंय. ते सुट्या पैशांत किंवा आकाशाच्या रंगात नसणार. कदाचित त्या नायिकेला घरात कुणी विचारत नसेल, कदाचित आरशात बघायची तिला भीती वाटत असेल. मला माहीत नाही, तुलाही नाही.

तेव्हा दोघीच असताना म्हण, ‘मी तुला भारी आहे म्हणाले ते खोटं होतं, सॉरी. माझं काही पुस्तकाशी जमलं नाही. पण त्यात तू स्वतः कुठल्या पानावर सापडतेस ते दाखव, तेवढं मी वाचते.’ आणि खरंच वाच. समोर बसून. त्या पानावर लेखिकेची अक्कल काढायची नाही.

रुसेल दोन-चार दिवस. रुसू दे. व्हॉट्सॲपवर लांबलचक खुलासे पाठवत बसू नकोस.

दुसऱ्या भागाचे पैसे मात्र काढू नकोस, आणि उरलेली पानं संपवायची सक्तीही स्वतःवर करू नकोस. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. त्यांनी तो ग्रंथपालांसाठी लिहिला होता, मी तुला उसना देतेय.

दहावीचं वर्ष आहे, हा विषय मी मुद्दामच काढला नाही. तो काढणारे घरात पुष्कळ असतील.

– तुझी मावशी