बागेचा करार मुलीच्या माथी नको

पत्र (थोडक्यात): मुलगी नीटला दोनदा बसली, नंबर लागला नाही. माझी आई फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली, निदान उशिरा झालं. मुलीने डॉक्टर व्हावं म्हणून बाग तीन वर्षांच्या कराराने दिली. ती म्हणते, बी.एस्सी. करून रक्तातल्या डीएनएवरून कॅन्सर ओळखण्याचं संशोधन करीन. लॅबमध्ये बाटल्या धुवायला का? तिला समजवा. (एक पालक, देवगड)

उत्तर: समजवायचं कुणाला, ते आधी ठरवू. दोन पानांच्या पत्रात आईचं आजारपण आहे, हापूसच्या कलमांचा हिशेब आहे. मुलीच्या वाट्याला एक वाक्य आलंय. बागेचे पैसे कुणासाठी उचलले हे रोज जेवताना तिला ऐकवता, असं तुम्हीच लिहिलंय. याला मी वसुली म्हणते. आईचं दुःख तुमचं आहे, त्याची परतफेड एकोणीस वर्षांच्या पोरीने का करायची?

आता बाटल्यांचं. मरणाऱ्या पेशींचे डीएनएचे तुकडे प्रत्येकाच्याच रक्तात असतात. 1948 साली मांडेल आणि मेते यांनी ते पहिल्यांदा दाखवले. कॅन्सरच्या रुग्णात त्यातले काही गाठीतून आलेले असतात, गाठीतले बिघाड घेऊन. तुकडा जेमतेम 166 अक्षरी (डीएनएच्या साखळीतला एकेक दुवा म्हणजे एक अक्षर), आणि दोनेक तासांत निम्मे तुकडे रक्तातून नाहीसेही होतात. साध्या ईडीटीए नळीतलं (रक्त गोठू न देणाऱ्या नळीतलं) रक्त चार-सहा तासांत सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर, फिरवलं नाही, तर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएत गाठीचे मोजके तुकडे बुडून जातात. तपासणी तिथेच फसते. गाठ लहान असताना तर हे तुकडे इतके कमी, की रिपोर्ट साफ येऊनही कॅन्सर असू शकतो. हा तिढा सोडवायला रेणूजीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटर जाणणारी माणसं लागतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी एमबीबीएस केलेलं नसतं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये कोणतं औषध लागू पडेल हे ठरवायला अशी रक्ततपासणी आज वापरतात.

वाट नेहमीचीच: सावंतवाडी किंवा रत्नागिरीला बी.एस्सी., जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा, एम.एस्सी., मग नेट परीक्षा आणि पीएच.डी. कॅन्सरवरच काम करणारं अॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र खारघरला आहे. गणित सोडून चालणार नाही, हे तिला सांगा. तिशीपर्यंत शिक्षण चालेल. संशोधनासाठीची ज्युनिअर फेलोशिप मिळाली तर महिना 37,000. श्रीमंती नाही, पण बागेवर भारही नाही.

लातूरच्या नीटच्या क्लासची फी भरली नसेल तर थांबा. आणि पुढचं पत्र तिला लिहू दे. तुम्ही ते वाचायचं नाही.