पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : आमचं गुऱ्हाळ आहे. हंगाम सुरू झाला की धुरानं वडिलांचा (वय ६३) दमा उचल खातो. या खेपेला डॉक्टरांनी पाच दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशीच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी १४,६०० आल्या. ताप नाही. शेजारी म्हणतात, रक्ताचा कॅन्सर तपासा. रिपोर्ट सोबत जोडला आहे.
– एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : प्रौढांत ४,००० ते ११,००० हे सर्वसाधारण प्रमाण, म्हणजे आकडा वाढलेला आहे हे खरं. पण एकूण आकड्यावर थांबू नका, त्याखालचं ‘डिफरन्शियल’, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी, वाचा. वडिलांचे न्यूट्रोफिल ८२ टक्के, लिम्फोसाइट १३. टक्क्यांनी फसगत होते, म्हणून गुणाकार करा. १४,६०० चे ८२ टक्के म्हणजे सुमारे ११,९७०. एरवी न्यूट्रोफिल २,००० ते ७,००० असतात. लिम्फोसाइट निघतात १,९०० च्या आसपास, म्हणजे ठीक. सगळी वाढ न्यूट्रोफिलांची आहे.

अशी वाढ स्टेरॉइडनं होते, आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडच आहे. न्यूट्रोफिलांचा मोठा हिस्सा एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असतो, त्यामुळे काढलेल्या रक्तात तो मोजलाच जात नाही. गोळी घेतल्यावर काही तासांतच या पेशी भिंत सोडून प्रवाहात येतात, हाडांतल्या मगजातूनही जास्त सुटतात. वडील बिडी ओढत असतील तर तिनंही आकडा चढा राहतो. दमेकऱ्यानं ती सोडायलाच हवी.

एक गोष्ट मात्र जपा. स्टेरॉइडमुळे ताप दबू शकतो, म्हणून ‘ताप नाही’ यावर विसंबू नका. कफ पिवळा-हिरवा झाला, धाप वाढली तर त्याच दिवशी छाती तपासून घ्या. आणि नुसता आकडा बघून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू नका.

रक्ताच्या कॅन्सरची शंका येते ती बहुधा इतर खुणांवरून : हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेटही बिघडलेल्या, स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या रक्तात) ‘ब्लास्ट’ म्हणजे अपरिपक्व पेशी, विनाकारण घटणारं वजन, रात्री कपडे भिजवणारा घाम, मानेत-काखेत गाठी, न लागता उठणारे काळे-निळे डाग. वडिलांचं हिमोग्लोबिन १३.४, प्लेटलेट २ लाख ६० हजार, दोन्ही ठीक. आणि स्मिअरमध्ये ब्लास्ट नाहीत.

गोळ्या संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा सीबीसी करा, स्मिअरसह. उपाशीपोटी जायची गरज नाही. पण जिना चढून धापा टाकत रक्त देऊ नका, पंधरा मिनिटं बसा. तेव्हाही आकडा चढाच असेल आणि कारण सापडत नसेल तर रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मुलाचं (वय ९) पांढऱ्या पेशींचं एकूण प्रमाण ९,५००, पण इओसिनोफिल (त्यांचाच एक प्रकार) १४ टक्के. खोकला वारंवार होतो.
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : इथंही गुणाकार करा : १,३३०. ५०० च्या वर म्हणजे वाढ. मुलांत याची नेहमीची कारणं दोन, ॲलर्जी आणि जंत. शेतात अनवाणी फिरतो का, खोकला रात्री वाढतो का, शिट्टीसारखा आवाज येतो का, हे डॉक्टरांना सांगा. शौचाची तपासणी सलग नव्हे तर एकेक दिवस सोडून तीनदा करा. एका नमुन्यात अंडी निसटतात. शाळेत जंताची गोळी कधी दिली होती, तेही वहीत पाहून ठेवा.