हाताने चालणारी पायथन स्क्रिप्ट जेनकिन्समधून चालवली की मराठी नावांवर ‘युनिकोडएनकोडएरर’ का देते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उबुंटू १८.०४, पायथन ३.६. पुट्टीने सर्व्हरवर जाऊन स्क्रिप्ट चालवली की गावांची नावं नीट छापते. तीच जेनकिन्सने (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) रात्री एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनला दुरून आज्ञा द्यायची सोय) चालवली की पहिल्याच गावावर, म्हणजे ‘पुणे’वर, ‘ॲस्की कोडेक कान्ट एनकोड कॅरेक्टर्स इन पोझिशन ०-३’ म्हणून आडवी पडते (ॲस्की म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांची जुनी संकेतपद्धत). लँग व्हेरिएबल (भाषा आणि अक्षरांची पद्धत सांगणारी सेटिंग) बॅशआरसीत (आज्ञा चालवणारा शेल ‘बॅश’ सुरू होताना वाचतो ती फाइल) एक्स्पोर्ट केलेलं आहे. ऑफिसात एकाने सांगितलं ‘एरर्स=इग्नोर’ लावा, म्हणजे न जमणारी अक्षरं गुपचूप गाळा, दुसऱ्याने सांगितलं नावं इंग्रजीत टाका. आणि जेनकिन्स सोडून क्रॉनवर (लिनक्सची स्वतःची वेळेवर कामं चालवणारी सोय) जावं का?

आधी इग्नोरचं बघू, कारण हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. ‘पुणे’ म्हणजे चार कोडपॉइंट (युनिकोडची सुटी चिन्हं): प, उकार, ण, मात्रा. एररमधलं ०-३ म्हणजे नेमके हेच चार. इग्नोर लावलं की हे चारही गळतात आणि ओळीत उरतात स्वल्पविराम आणि नावापुढचे आकडे. एक्झिट कोड शून्य (म्हणजे ‘चूक नाही’), जेनकिन्सवर जॉब यशस्वी, सगळे खूश. पुढे त्या फाइलवरून गावनिहाय रिपोर्ट काढला की सगळी गावं एकाच रिकाम्या नावाखाली गोळा होतात. एकूण बेरीज मात्र पैशापैशाने जुळते, त्यामुळे हिशेब तपासणाऱ्यालाही शंका येत नाही. ‘रिप्लेस’ लावलंत तर ‘पुणे’चे चार प्रश्नचिन्ह होतात आणि ‘सातारा’चे सहा. त्यातून मूळ नाव परत काढायची सोय नाही. फुटणारा जॉब परवडला, निदान तो सांगतो तरी.

आता कारण. ‘एसएसएच सर्व्हर आज्ञा’ या पद्धतीने जे चालतं त्याला लॉगिन शेल मिळत नाही आणि इंटरॅक्टिव्ह (माणूस समोर बसून वापरतो तसा) शेलही मिळत नाही. त्यामुळे प्रोफाइल (लॉगिनच्या वेळची सेटिंग फाइल) वाचलीच जात नाही. उबुंटूचा बॅश अशा वेळी बॅशआरसी उघडतो खरा, पण त्या फाइलच्या अगदी वरच ‘इंटरॅक्टिव्ह नसशील तर परत जा’ अशी अट लिहिलेली असते. तुमचं एक्स्पोर्ट फाइलच्या तळाशी आहे, म्हणजे तिथवर कुणी पोचतच नाही. लोकेल (भाषा आणि अक्षरांची चालू मांडणी) उरतं नुसतं ‘सी’, आणि ३.६ त्याचा अर्थ ॲस्की असा घेतो. पुट्टीतून तुम्ही जे बघता ते वेगळंच घर आहे. तिथे चालतं याला पुरावा म्हणू नका.

खात्री करायला स्क्रिप्टच्या सुरुवातीला दोन गोष्टी छापा: ‘सिस.एसटीडीआउट.एनकोडिंग’ आणि ‘लोकेल.गेटप्रेफर्डएनकोडिंग’. जेनकिन्सच्या लॉगमध्ये ‘एएनएसआय_एक्स३.४-१९६८’ असं भारदस्त नाव दिसलं तर दचकू नका, ते ॲस्कीचंच कागदोपत्री नाव आहे. मग दोन्हीकडून ‘एन्व्ह’चं (सगळी व्हेरिएबल्स दाखवणारी आज्ञा) आउटपुट सॉर्ट करून डिफ (फरक दाखवणारी आज्ञा) लावा. ही चाचणी स्वतःच्या लॅपटॉपवरून करू नका. उबुंटूचा एसएसएच क्लायंट लँग आणि एलसी_ने सुरू होणारी सगळी व्हेरिएबल्स पलीकडे पाठवतो आणि सर्व्हर ती घेतो, म्हणजे तुम्ही तुमचंच लोकेल तपासत बसाल. मॅकवरून तर एलसी_सीटाइपमध्ये नुसतं ‘यूटीएफ-८’ (युनिकोड बाइटमध्ये लिहायची पद्धत) जातं, ज्या नावाचं लोकेल लिनक्सवर नसतं. जेनकिन्सच्या मशीनवरून, जेनकिन्सच्याच युजरने तपासा.

इलाज: जॉबमधल्या आज्ञेतच पायथनच्या आधी ‘एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८’ लिहा (टाइप अर्थातच रोमनमध्ये). एलसी_ऑल सगळ्यांच्या वर बसतं, त्याखाली एलसी_सीटाइप, आणि लँग सर्वांत शेवटी. म्हणून नुसतं लँग बदलून कधीकधी ढिम्म फरक पडत नाही. संपूर्ण सर्व्हरसाठी हवं असेल तर ‘अपडेट-लोकेल’ने लँगची किंमत ‘सी.यूटीएफ-८’ करा. ती ‘ईटीसी/डीफॉल्ट/लोकेल’मध्ये लिहिली जाते आणि नव्या एसएसएच सेशनला पॅममार्फत (लिनक्सची लॉगिन व्यवस्था) मिळते, शेल कुठलाही असो. बॅशआरसीतली ओळ पुसून टाका, तिच्यामुळेच पुढच्या माणसाची फसगत होणार आहे.

कोडमध्ये फाइल उघडणाऱ्या प्रत्येक ‘ओपन’ला एनकोडिंग यूटीएफ-८ लिहून द्या. ‘पायथनआयओएनकोडिंग’ हे व्हेरिएबल फक्त स्टँडर्ड इनपुट, आउटपुट आणि एररपुरतं असतं, ‘ओपन’ला त्याचा उपयोग नाही आणि आज्ञेसोबत दिलेल्या नावांनाही नाही. या शेवटच्यात एक चकवा आहे. सी लोकेलमध्ये गावाचं नाव आर्ग्युमेंट म्हणून दिलं की ३.६ त्याचे बाइट सरोगेट (न कळलेल्या बाइटच्या जागी ठेवलेली खास चिन्हं) म्हणून आत लपवतो. प्रिंट केलं तर नाव जसंच्या तसं बाहेर येतं, पण तेच यूटीएफ-८ फाइलमध्ये लिहायला गेलात की ‘सरोगेट्स नॉट अलाउड’. दोष फाइल लिहिण्यात नसतो, नाव आत घेतानाच घोळ झालेला असतो.

डेटा आधीच बिघडलाय का ते स्क्रीनवर ठरवू नका, फाइलचे बाइट दाखवणारी ‘हेक्सडम्प -सी’ लावा. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आणि सुरुवात ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ने. ‘पुणे’चे बारा बाइट असे: ई० ए४ एए, ई० ए५ ८१, ई० ए४ ए३, ई० ए५ ८७. हे दिसले तर फाइल निरोगी आहे. ‘सी३ ए० सी२ ए४’ दिसलं तर कुणीतरी यूटीएफ-८ला लॅटिन-१ (युरोपी अक्षरांची जुनी पद्धत) समजून दुसऱ्यांदा यूटीएफ-८ केलंय. हे बहुधा उलटं फिरवता येतं. नुसते ‘३एफ’ दिसले तर ती प्रश्नचिन्हं आहेत, मूळ फाइल मागवा. एक्सेलच्या साध्या सीएसव्हीत सेव्ह केलं की मराठीचं हेच होतं. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ घेतलंत तर सुरुवातीला ‘ईएफ बीबी बीएफ’ चिकटतं आणि पहिल्या कॉलमचं नाव जुळत नाही. तिथे वाचताना ‘यूटीएफ-८-सिग’ वापरा.

नावं इंग्रजीत टाका म्हणणाऱ्यांना विचारा, ‘वाडी’ आणि ‘वाडि’, ‘पाली’ आणि ‘पळी’ रोमनमध्ये कशी ओळखू येणार आहेत? गावाचं नाव हा डेटा आहे. सर्व्हरला तो पेलत नसेल तर सर्व्हरची मांडणी बदला.

तरीही सर्व्हरचं लोकेल ‘एमआर_आयएन’ करू नका. मराठीचा एवढा कैवार घेऊन हे सांगतोय, कारण त्याने वार-महिन्यांची नावं मराठीत येतात आणि लॉगमधली तारीख शोधणाऱ्या स्क्रिप्टा कोसळतात. मराठी साठवायला मराठी लोकेल लागत नाही, यूटीएफ-८ पुरतं.

क्रॉनवर जाऊन एनकोडिंग सुधारणार नाही. त्याचा पाथ (आज्ञा शोधायच्या जागांची यादी) अजूनच तोकडा असतो, आणि क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की तिथे ओळ तुटते, त्यामुळे तारखेच्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश लागतो. जेनकिन्सच ठेवा. फक्त आउटपुट ‘टी’मधून (स्क्रीन आणि फाइल दोन्हीकडे पाठवणारी आज्ञा) लॉगला जात असेल तर बॅशमध्ये ‘पाइपफेल’ (ओळीतली एक आज्ञा फसली तरी अख्खी ओळ फसली धरणारी सेटिंग) लावा, नाहीतर स्क्रिप्ट मेली तरी ‘टी’चा शून्य वर जातो.

राहिलेल्या तीन गोष्टी. पायथन ३.७पासून सी लोकेल असलं तरी यूटीएफ-८ धरलं जातं, म्हणून नव्या सर्व्हरवर हीच स्क्रिप्ट काही न करता चालेल आणि कुणीतरी म्हणेल, बघा, इग्नोरमुळे चाललं. सेंटओएस ७वर (दुसरं एक लिनक्स) मात्र ‘सी.यूटीएफ-८’ नाही, तिथे ‘ईएन_यूएस.यूटीएफ-८’ घ्या. आणि फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली असेल तर वरचं काहीच लागू नाही; ती बाइटच्या दृष्टीने रोमन अक्षरं आणि चिन्हंच आहेत, आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा.