रोल बार बसवायचाय? आधी खालचा पत्रा बघा

या अंकात उघड्या छताच्या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये वेगळा विकत घेतलेला रोल बार बसवण्याबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. सीटमागची मुख्य कमान, तिला मागून टेकू देणारे दोन तिरपे पाइप आणि कमानीच्या आत कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी तिरपी नळी, एवढ्याला इथे रोल बार म्हटलं आहे; गाडी उलटली तर आतल्यांची डोकी वाचवणं हे त्याचं काम. दारांवरून पुढच्या काचेपर्यंत नळ्या गेल्या की तो रोल केज. त्याचा उल्लेख ओघात येईल.

प्रश्न : दोन बार दिसायला अगदी सारखे आहेत, किमतीत मात्र बराच फरक. नेमकं काय तपासून घ्यावं?

उत्तर : सुरुवात नळीपासूनच करा. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटर-शर्यत महासंघाच्या नियमांतलं, ‘परिशिष्ट जे’मधलं कलम २५३ मुख्य कमानीसाठी विनाजोड कोल्ड ड्रॉन (थंड अवस्थेत ओढून बनवलेलं) कार्बन स्टील मागतं : ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी व्यास आणि २ मिमी जाडी, ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी. टेकूच्या नळ्यांना ३८ × २.५ किंवा ४० × २ मिमी चालतं. रस्त्यावरच्या गाडीला हे बंधनकारक नाही, पण समोरचा माल जोखायला याहून चांगलं माप नाही.

मग वाक बघा. मध्यरेषेवर मोजलेली वाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. वाकवताना नळी थोडी चपटी होतेच. तिथे व्हर्नियर लावून लहान व्यासाला मोठ्या व्यासाने भागा. उत्तर ०.९ च्या खाली आलं, किंवा वाकाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या दिसल्या, तर तो बार दुकानातच राहू द्या.

टेकू नसलेली चकचकीत स्टेनलेस कमान ही शोभेची वस्तू आहे. गाडी उलटली की नुसती कमान पुढे किंवा मागे लोळते. टेकू तिला उभं धरतात. तिरपी नळी नसेल तर कमान बाजूला कलंडते, चौकोनी खोका दाबला की कलतो तशी. क्रोम प्लेटिंगही टाळा. त्याखाली वेल्डची बारीक चीर दिसत नाही, शिवाय प्लेटिंगच्या प्रक्रियेत पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं. उलटलेल्या गाडीतून काढलेला बार फुकट मिळाला तरी घेऊ नका.

प्रश्न : माझी उंची सहा फूट आहे. बार पुरेसा उंच आहे हे कसं ठरवायचं?

उत्तर : हेल्मेट घालून, पट्टा आवळून, चालवताना बसता तसेच ताठ बसा. दुसऱ्या कुणाला एक सरळ लाकडी पट्टी बारच्या माथ्यावरून समोरच्या काचेच्या वरच्या चौकटीवर टेकवायला सांगा. पट्टी आणि हेल्मेट यांत साधारण ५० मिमी जागा राहिली पाहिजे. या चाचणीच्या वेळी बहुतेकजण नकळत खाली सरकून बसतात. तसं करून पट्टीला फसवता येईल, रस्त्याला नाही.

हेही लक्षात घ्या की ही रेषा आशावादी आहे. गाडी उलटल्यावर पुढची काचेची चौकट मुडपू शकते, म्हणून हेल्मेटचा माथा बारच्या माथ्यापेक्षाही खाली हवा. जागा कमी पडत असेल तर उपाय सीटमध्ये शोधा : बैठकीचा फोम कमी करणं, किंवा सरकत्या रेल्सऐवजी सीट थेट खालच्या ब्रॅकेटवर बसवणं. बारवर वरून तुकडा वेल्ड करून उंची वाढवणं सपशेल चूक.

प्रश्न : बोल्टने बसणारा बार घरीच बसवायचा आहे. कामाचा क्रम काय ठेवावा आणि गडबड कुठे होते?

उत्तर : बॅटरीचं ऋण टोक आधी सोडा. सीट बेल्टला प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा झटक्यात आवळणारा भाग) किंवा सीटमध्ये एअरबॅग असेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबूनच त्यांचे कनेक्टर काढा. मग सीट, मागचं कार्पेट आणि प्लॅस्टिकचे कव्हर काढा. बारचे पाय कार्पेटवर कधीच बसवू नयेत, आणि पायाखालचा आवाज दाबणारा डांबरी थरही खरवडून काढावा. दोन्ही वस्तू दाबाखाली हळूहळू बसत जातात. आज नीट आवळलेला बोल्ट महिन्याभरात ढिला होतो तो यामुळेच.

ड्रिल हातात घेण्याआधी पत्र्याची पलीकडची बाजू बघा. पेट्रोलची टाकी, तिच्या नळ्या, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग बहुधा याच भागातून जातात. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत सीटमागच्या फळीच्या खालीच टाकी आहे. टाकी भोकाच्या वाटेत येत असेल तर ती उतरवा. ‘जपून करू’ हा पर्याय नाही, कारण पत्रा फुटला की ड्रिल झेपावतंच. इतर ठिकाणी बिटवर लाकडी ठोकळ्याचा थांबा चढवून टोक १० मिमीच बाहेर ठेवा.

बार आत नेताना दोन माणसं हवीत; रंगावर आणि काचेवर जाड टेप लावा. दोन्ही दारांच्या कुलपाच्या खुंट्यांपासून कमानीपर्यंतचं अंतर मोजून बार मधोमध आणा. कापडी छत एकदा पूर्ण उघडून-मिटून बघा. आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी : चारही पाय पत्र्यावर सपाट टेकतात का? कागदाची पट्टी सरकवून बघा. फट असेल तर ती पोलादी पत्र्याच्या शिमने, म्हणजे पातळ चकतीने, भरा. बोल्ट आवळून पाय खाली ओढायचा मोह होतो, आणि बहुतेक फसलेली कामं इथेच फसतात. तसं केलं की पत्रा कायमच्या ताणाखाली राहतो, पायाच्या कडेने चिरतो आणि प्रत्येक खड्ड्यात कुरकुरतो.

भोकांची जागा पंचने ठोकून आधी ३ मिमीचं ड्रिल, मग टप्प्याटप्प्याने मोठं. एम८ (८ मिमी व्यासाच्या) बोल्टला ८.५ मिमी, एम१० ला १०.५ मिमी. सगळी भोकं एकदम पाडू नका. एक पाडा, बोल्ट सैल घाला, मग दुसऱ्या बाजूच्या पायाचं पाडा. बार सरकला असेल तर तो आत्ताच कळतो. भोकाच्या कडा कानशीने साफ करून झिंक प्रायमर लावा आणि लोखंडाचा कीस चुंबकाने आणि व्हॅक्यूमने शेवटच्या कणापर्यंत उचला. राहिलेला कण ओलाव्याने गंजतो आणि आजूबाजूच्या रंगावर तांबूस डाग पाडतो.

पत्र्याच्या खालच्या बाजूला, पायाचा भार पसरवणारी बॅकिंग प्लेट. किटमध्ये नळी चांगली आणि या प्लेटा नावापुरत्या, असं बरेचदा दिसतं. गाडीच्या तळाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभराचा असतो. उलटलेल्या गाडीचा भार लहान पायावर आला की पाय त्या पत्र्यातून बाहेर पडतो, मग नळी कितीही जाड असो. म्हणून एफआयए मुख्य कमानीच्या प्रत्येक पायाला किमान ३ मिमी जाड आणि १२० चौ. सेंमी क्षेत्रफळाची प्लेट मागतं, म्हणजे साधारण ११ × ११ सेंमी. टेकूंना ६० चौ. सेंमी. मोठे वॉशर हा त्याला पर्याय नव्हे. प्लेटचे कोपरे गोल करा, नाहीतर तेच कोपरे पत्रा फाडतात. तळाला पायरी असेल तर प्लेटही त्याच कोनात वाकवा.

बोल्ट ८.८ दर्जाचे घ्या, कमानीच्या पायाला किमान तीन एम८, टेकूला किमान दोन. ८.८ म्हणजे ताणशक्ती ८०० आणि कायमचं ताणलं जाण्याची मर्यादा तिच्या ८० टक्के, म्हणजे ६४० न्यूटन प्रति चौ. मिमी. गंजू नये म्हणून काहीजण स्टेनलेस वापरतात, पण नेहमी मिळणाऱ्या ए२-७० स्टेनलेसची तीच मर्यादा ४५० वर थांबते. बोल्ट पोकळ खोक्यातून आरपार जात असेल तर आत नळीचा तुकडा घाला, नाहीतर आवळताना खोका चेपतो. किटमधला एखादा बोल्ट सीट बेल्टच्या मूळ जागी जात असेल तर थांबून आटे तपासा. अनेक गाड्यांत ते ७/१६ इंची, इंचाला २० आटे असे असतात. तिथे मेट्रिक बोल्ट दामटू नका.

आवळताना आधी कमानीचे पाय, मग टेकू, प्रत्येक वेळी तिरप्या क्रमाने थोडं थोडं. किटच्या कागदात टॉर्क दिलेला नसेल तर ८.८ च्या एम८ ला साधारण २५ आणि एम१० ला ५० न्यूटन-मीटर. नायलॉन लॉकनट एकदाच वापरायचे. एक्झॉस्टजवळ नायलॉन वितळतं, तिथे पूर्ण धातूचे लॉकनट लावा. प्लेटच्या कडांना सीम सीलर फिरवा. शंभर-दोनशे किलोमीटर चालवल्यावर पुन्हा टॉर्क पाना लावून बघा.

प्रश्न : बार बसवल्यापासून सीट बेल्ट अर्ध्यातच अडकतो. हळू ओढला तरी सुटत नाही.

उत्तर : बेल्टची रीळ कलली आहे. गाडी कलली किंवा जोरात थांबली की रीळ अडकवण्यासाठी तिच्यात एक गोळी किंवा लोलक असतो. बारच्या पायाला जागा करताना रीळ काही अंश तिरकी बसवली गेली की गाडी उलटली आहे असंच त्याला वाटतं! बॅटरी सोडून रीळ मूळ कोनात आणा, गरज पडल्यास ब्रॅकेटखाली पाचर द्या. पट्टा नळीच्या कडेवर घासत नाही ना, तेही बघा.

प्रश्न : पावसानंतर डिकीत पाणी साठतं. बार बसवण्याआधी नव्हतं.

उत्तर : दोन शक्यता. भोकाभोवती सीलर नीट लागलं नाही, किंवा कापडी छताचं पाणी खाली नेणारी रबरी नळी बारच्या पायाखाली किंवा प्लेटीने दाबली गेली. छताच्या पन्हाळीत भांडंभर पाणी ओता. ते गाडीखाली लगेच पडलं नाही तर नळीच दोषी. पडलं, तर भोकांभोवती टाल्कम पावडर भुरभुरून वरून पाणी मारा. पावडर जिथे भिजेल तिथून गळतंय.

प्रश्न : रस्त्यावर हेल्मेट घालत नाही. बारवर पाइपला गुंडाळायचा फोम चालेल का?

उत्तर : नाही. तो फोम बोटाने दाबला तरी नळी हाताला लागते, मग डोक्याला काय अडवणार? एसएफआय (शर्यतींच्या सुरक्षा साहित्याची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) ४५.१ किंवा एफआयए ८८५७-२००१ या मानकाचं घट्ट पॅडिंग घ्या. ते हाताला टणक लागतं आणि म्हणूनच उपयोगी पडतं.

पण पॅडिंगनेही सगळं भागत नाही. सीट नेहमीच्या जागी ठेवून डोकं मागे आणि दोन्ही बाजूंना न्या. ते नळीपर्यंत पोचत असेल तर अपघातात नक्की पोचेल, कारण मागून धडक बसली की सीटची पाठ मागे झुकते. हेडरेस्ट डोके आणि नळी यांच्या मध्ये येईल अशी मांडणी जमत नसेल, तर ती गाडी ट्रॅकपुरती ठेवा. डोक्याशेजारून पुढे नळ्या नेणारा रोल केज बिनहेल्मेटच्या रस्त्यावर नकोच.

प्रश्न : हार्नेस, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून येणारा शर्यतीचा पट्टा, बारला बांधता येईल का?

उत्तर : त्यासाठी कमानीत आडवी नळी मुळातच वेल्ड केलेली असेल तर येईल. खांद्यापासून मागे जाताना पट्टे आडवे किंवा फार तर २० अंश खाली उतरते हवेत. सीटमागे थेट फरशीला बांधलेला पट्टा धडकेत खांदे खाली ओढून मणक्यावरच भार टाकतो. पट्टा नळीभोवती गुंडाळून बकलमधून ओवा. सीटला पट्ट्यांची भोकं हवीत आणि पायांमधला पट्टाही हवा, नाहीतर माणूस कमरपट्ट्याखालून पुढे घसरतो. बार नसलेल्या उघड्या गाडीत मात्र हार्नेस लावू नका. तो शरीराला ताठ धरून ठेवतो आणि वरून भार आला तर वाकायलाही वाव उरत नाही.

प्रश्न : अग्निशामक आणि कॅमेरा बसवायला नळीला दोन छोटी भोकं पाडली तर?

उत्तर : पाडू नका, क्लॅम्प वापरा. भोकापाशी नळी सगळ्यात आधी मुडपते, आणि वेल्डने बुजवून ती पूर्ववत होत नाही. जाडी तपासण्यासाठी काही शर्यत संघटना एक लहान भोक मागतात, पण ते कमी भाराच्या ठरलेल्या जागीच, आणि तेही नियमपुस्तक उघडून.