बक्सिनेटर म्हणजे शिंगाड्या

गालातल्या ‘बक्सिनेटर’ स्नायूला ‘चर्वणस्नायू’ म्हटलं तर चालेल का, अशी विचारणा आहे. नाही चालणार. चेहऱ्याच्या व्यायामाचे व्हिडिओ करणारे हा घोळ रोज घालतात आणि ऐकून कान किटतात. चावण्याचा मुख्य स्नायू मॅसेटर. दात गच्च आवळा, जबड्याच्या कोनाशी बोटाला टणक गाठ लागेल, तो मॅसेटर. बक्सिनेटर त्याच्या आतल्या बाजूला, पातळ, दाढांजवळच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला. तो गाल दातांशी दाबून धरतो, म्हणून घास दाढांखाली राहतो. मॅसेटर हलवणारा मज्जातंतू मेंदूतून निघणारा पाचवा, याचा सातवा. त्यामुळे बेल्स पाल्सीत, म्हणजे हा सातवा मज्जातंतू लुळा पडून, तोंड वाकडं झालेल्या माणसाला जबडा आवळता येतो, पण घास गाल आणि हिरडीच्या मधे अडकून बसतो, बोटाने काढावा लागतो.

आता नाव. ‘बुक्का’ म्हणजे लॅटिनमध्ये गाल, त्यावरून बक्सिनेटर, असं सांगून मोकळे होणारे अर्धवट वाचतात. लॅटिन ‘बुक्किनातोर’ म्हणजे ‘बुकिना’ वाजवणारा, आणि बुकिना म्हणजे रोमन सैन्यातलं वाकडं शिंग. त्याची फोड ‘बोस’ अधिक ‘कानेरे’: बैल आणि गाणं. यातला ‘बोस’ आपल्या ‘गो’चा सख्खा भाऊ! जुनं रूप एका ‘क’चं, दुसरा ‘क’ मागाहून ‘बुक्का’च्या प्रभावाने चिकटला. गालाचा संबंध येतो तो एवढाच. फुगलेल्या गालातली हवा दाबून शिंगात सोडणारा तो हा स्नायू, म्हणून हे नाव.

तेव्हा मराठीत याला ‘शिंगाड्या’ म्हणावं, असं माझं ठाम मत आहे. शिंग फुंकणाऱ्याला आपल्याकडे हाच शब्द होता. ‘कपोलस्नायू’ सुचवणाऱ्या संस्कृतप्रेमींना विचारावंसं वाटतं, गालात काय एकच स्नायू आहे?

‘बुक्का’चा खरा वंशज आपल्याकडे वेगळ्याच वाटेने आला. ‘बुक्कुला’ म्हणजे छोटा गाल, त्यावरून शिरस्त्राणाची गालपट्टी, त्यातून फ्रेंच ‘बूक्ल’, इंग्रजी ‘बकल’ आणि आपलं पट्ट्याचं बक्कल. हवालदाराचा बक्कल नंबरही त्यातलाच. पण ‘बकाणा’ भरण्यातला बकाणा याच घरचा म्हणणाऱ्यांनी आधी पुरावा आणावा. नुसत्या ध्वनीवर सोयरीक जुळत नाही.